शांत रात्रीचे गीतकार : योसेफ मोर

डिसेंबर महिना उजाडला की आपल्या मंडळ्यांमधून गायनाची तयारी सुरू होते. हार्मोनियमवरची धूळ झटकली जाते, ढोलकीला शाई बसवून आणली जाते आणि तरुण संघाचे सभासद कोणत्या रात्री कोणत्या आळीत जायचे याची यादी करायला बसतात. बेळगाव असो की इंदूर, बडोदे असो की हैदराबाद, ही यादी सर्वत्र सारखीच. आरंभी पाळकसाहेबांचे घर, मग मंडळीच्या वडिलांची घरे, मग जेथे करंज्या आणि चहा हमखास मिळतो ती घरे. यादीच्या तळाशी, वेळ उरलाच तर म्हणून, एक नाव असते : वृद्धाश्रम.

काही वर्षांपूर्वी आम्हीही अशाच एका मेळ्याबरोबर एका वृद्धाश्रमात गेलो होतो. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. मंडळी निजण्याच्या तयारीत होती. आम्ही मोठ्या उत्साहाने चार गाणी म्हटली, केकचे तुकडे वाटले आणि निघालो. दाराजवळच्या खाटेवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी आपल्या लहानपणच्या एका नाताळगीताचे नाव घेतले आणि ते म्हणाल का, असे विचारले. आमच्यापैकी एकालाही ते येत नव्हते. शिकून पुन्हा येतो, असा शब्द देऊन आम्ही बाहेर पडलो. पुन्हा गेलो तो पुढच्या नाताळात, आणि गाणे शिकलो नव्हतोच. त्या खाटेवर दुसरेच कोणी होते.

यंदा शब्बाथ शाळेच्या नाताळ कार्यक्रमाची जुळवाजुळव करताना योसेफ मोर यांचे चरित्र आमच्या वाचनात आले आणि त्या आजींची आठवण पुन्हा जागी झाली. शांत रात्रीचे ते जगप्रसिद्ध नाताळगीत मोर यांनी लिहिले हे पुष्कळांना ठाऊक असते. पुढे एका डोंगराळ खेड्यात त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या सांभाळाची व्यवस्था लावली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. म्हणून त्यांचा जीवनवृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नाव नसलेल्या घरात जन्म

योसेफ मोर यांचा जन्म ११ डिसेंबर १७९२ रोजी साल्झबर्ग शहरात झाला. हे शहर आज ऑस्ट्रिया देशात आहे. त्या काळी तेथे आर्चबिशपचेच राज्य होते. आई आन्ना शोइबर ही विणकाम करून पोट भरणारी गरीब बाई. बाप फ्रान्स मोर हा शिपाई. तो सैन्यातून पळाला आणि बाळ जन्माला येण्यापूर्वीच त्या बाईलाही सोडून गेला. दोघांचे लग्न झालेले नव्हते. अशा आईला त्या काळी कायद्याने दंड होई आणि समाजाचे बोल आयुष्यभर ऐकावे लागत ते वेगळेच.

बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचा धर्मपिता म्हणून नाव लागले ते योसेफ वोलमूट याचे. हा साल्झबर्गचा फाशी देणारा सरकारी जल्लाद. ज्याच्या सावलीलाही लोक उभे राहत नसत, तोच या बाळाच्या वाट्याला आला. तोही स्वतः हजर नव्हता. त्याच्या वतीने दुसऱ्याच एका स्त्रीने बाळाला हातांत धरले. बाप्तिस्मा झाला तो साल्झबर्गच्या मोठ्या कॅथीड्रलमध्ये. याच ठिकाणी १७५६ साली थोर संगीतकार मोझार्ट याचा बाप्तिस्मा झाला होता. देवाच्या घरी दोन्ही बाळांसाठी पाणी एकच होते.

मुलाचा गळा गोड होता. कॅथीड्रलमधील गायनाचे प्रमुख धर्मगुरू योहान नेपोमूक हिर्नले यांचे त्याच्याकडे लक्ष गेले. त्यांनी त्याला शाळेत घातले आणि संगीत शिकविले. छोटा योसेफ विद्यापीठाच्या चर्चमध्ये आणि सेंट पीटरच्या मठातील चर्चमध्ये गाऊ लागला, व्हायोलिन वाजवू लागला. पुढे दोन वर्षे क्रेम्समुन्स्टर येथील मठात शिकून तो साल्झबर्गला परतला आणि १८११ साली धर्मगुरू होण्यासाठी तेथील पाठशाळेत दाखल झाला. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला धर्मगुरूची दीक्षा देण्यास रोमन मंडळीच्या नियमांची आडकाठी होती. त्यासाठी खास परवानगी काढावी लागली. २१ ऑगस्ट १८१५ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांना दीक्षा मिळाली.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी येथे क्षणभर थांबावे. आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसणारे, ज्याच्या बापाचे नाव विचारायला आपण कचरतो असे एखादे मूल असतेच. हिर्नले यांनी तशाच एका मुलाचा हात धरला. त्यांचे स्वतःचे नाव आज कोणी घेत नाही. पण नाताळच्या रात्री जगभर जे गायले जाते त्यात त्यांचाही वाटा आहे.

मारियाफार आणि ओबर्नडॉर्फ

दीक्षेनंतर मोर यांची नेमणूक मारियाफार या डोंगरातील गावी साहाय्यक धर्मगुरू म्हणून झाली. त्यांच्या बापाचे घराणे याच भागातले. दिवस मोठे हलाखीचे होते. नेपोलियनच्या लढाया नुकत्याच संपल्या होत्या. साल्झबर्ग प्रांत तेरा-चौदा वर्षांत कधी ऑस्ट्रियाकडे, कधी बव्हेरियाकडे असा फिरत राहिला आणि १८१६ साली अखेर ऑस्ट्रियाला जोडला गेला. त्यातच १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याच्या राखेने आकाश झाकोळले आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, धान्य महागले. त्या वर्षी या तेवीस-चोवीस वर्षांच्या धर्मगुरूने सहा कडव्यांची एक कविता लिहिली. सध्या बहुतेक ठिकाणी तिची तीनच कडवी गातात. जे कडवे सहसा गायले जात नाही त्यात येशू सगळ्या राष्ट्रांना भाऊ म्हणून पोटाशी धरतो असा भाव आहे. लढाई आणि उपासमार यांतून बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी हे लिहिले गेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शांतीचा अर्थ अधिक कळतो.

मारियाफारची हवा मोर यांना मानवली नाही. १८१७ साली प्रकृती ढासळल्याने ते साल्झबर्गला परत आले आणि बरे झाल्यावर ओबर्नडॉर्फ येथील सेंट निकोलस चर्चमध्ये कामावर गेले. ओबर्नडॉर्फ हे साल्झाख नदीकाठचे नावाड्यांचे गाव. हालाइनच्या खाणींतले मीठ नावांतून खाली नेणे हा तेथला धंदा. हिवाळ्यात नदीवरचे काम थांबे आणि चुली थंड पडत. शिवाय १८१६ च्या तहाने नदी हीच दोन देशांची सरहद्द ठरली. पलीकडच्या काठावरचे लाउफेन आणि अलीकडचे ओबर्नडॉर्फ हे मुळात एकच गाव. ते दुभागले गेले. घराच्या अंगणातून सरहद्द जाणे म्हणजे काय, हे आपल्या सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

जवळच्या आर्न्सडॉर्फ गावी फ्रान्स झावेर ग्रूबर नावाचे शाळामास्तर होते. ते विणकराचे पुत्र, वयाने मोर यांच्याहून पाच वर्षांनी मोठे. शाळा सांभाळून ते ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. दोघांची मैत्री जुळली. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोर यांनी आपली दोन वर्षांपूर्वीची कविता ग्रूबर यांच्या हाती दिली आणि दोन आवाज, गायनमंडळ आणि गिटार यांना जुळेल अशी चाल बांधण्याची विनंती केली. ग्रूबर यांनी त्याच दिवशी चाल बांधून आणली. रात्री दोघे मित्र गायला उभे राहिले. मोर वरच्या पट्टीत गात होते आणि गिटार वाजवीत होते. ग्रूबर खर्जात साथ करीत होते. गिटार हे तेव्हा चर्चचे वाद्य मानले जात नसे. पण चाल पाळण्याच्या गाण्यासारखी सोपी होती, भाषा लोकांच्या घरातली होती, आणि समोर बसलेल्या नावाड्यांना ती तात्काळ आवडली.

येथे एका गोष्टीची दुरुस्ती करणे आमचे कर्तव्य आहे. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला, नाताळच्या रात्री ऑर्गन बंद पडला, म्हणून घाईघाईने हे गीत लिहिले गेले, अशी कथा आपण मुलांना सांगत आलो. आम्हीही ती अनेकदा सांगितली आहे. परंतु ग्रूबर यांनी १८५४ साली स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत उंदीर नाहीत आणि ऑर्गन बंद पडल्याचा उल्लेखही नाही. शिवाय मोर यांच्या हातचे या गीताचे एक हस्तलिखित १९९५ साली उजेडात आले. त्यावरून कविता १८१६ सालीच लिहिली गेली होती हे निश्चित झाले. सत्य हकिकत कल्पित कथेहून कमी गोड नाही. एका आजारी माणसाने ती कविता दोन वर्षे जपून ठेवली आणि योग्य सोबती मिळताच त्याच्या हाती दिली. मुलांना हेच सांगावे.

गीत गेले दूर, गीतकार राहिला मागे

मोर यांचा स्वभाव मोकळा. नावाड्यांत मिसळणे, त्यांच्याबरोबर गाणे, हसणे हे त्यांच्या वरिष्ठांना रुचले नाही. तरुण धर्मगुरूला आपल्या पदाचे गांभीर्य नाही अशी तक्रार वर गेली. १८१९ साली त्यांनी ओबर्नडॉर्फ सोडले. त्यानंतरची कित्येक वर्षे बदल्यांत गेली. कुखल, गोलिंग, फीगाउन, आडनेट, आंटेरिंग अशी गावांमागून गावे झाली. शेवटी १८२० च्या दशकाच्या अखेरीस हिंटरझे या खेड्यात त्यांना स्वतंत्र जबाबदारी मिळाली.

इकडे गीताने आपली वाट धरली होती. कार्ल माउराखर नावाचे ऑर्गन बांधणारे कारागीर ओबर्नडॉर्फला कामासाठी येत. त्यांनी त्या गाण्याची प्रत आपल्या झिल्लरटाल खोऱ्यात नेली. तेथील श्ट्रासर कुटुंब हातमोजे विकण्यासाठी लाइप्झिगच्या जत्रेत जाई. त्या भावंडांनी १८३० च्या सुमारास ते तेथे गाऊन दाखविले. लवकरच ते ड्रेस्डेन येथे छापले गेले, पण कवीचे आणि संगीतकाराचे नाव न देता, टिरोल प्रांताचे लोकगीत म्हणून. त्याच खोऱ्यातील रायनर मंडळींनी १८३९ साली ते न्यूयॉर्कमध्ये गायले. लाइप्झिग, ड्रेस्डेन, न्यूयॉर्क ही सारी बहुतांशी प्रॉटेस्टंट शहरे. रोमन धर्मगुरूचे गीत आपल्या पंथाच्या लोकांनी असे आपलेसे केले.

याच काळात याच झिल्लरटाल खोऱ्यात घडलेली एक गोष्ट आपण विसरू नये. तेथे चारशेहून अधिक प्रॉटेस्टंट स्त्रीपुरुष आणि मुले होती. त्यांना स्वमताप्रमाणे उपासना करण्याची मुभा मिळाली नाही आणि १८३७ साली त्यांना घरेदारे सोडून प्रशियाच्या राज्यात जावे लागले. सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १७३१-३२ साली, साल्झबर्गच्या आर्चबिशपने आपल्या राज्यातील जवळजवळ वीस हजार प्रॉटेस्टंटांना असेच हद्दपार केले होते, तेही ऐन हिवाळ्यात बाहेर काढायला सुरुवात करून. ज्या डोंगरांतून शांतीचे गीत आले त्याच डोंगरांतून ही माणसे बाहेर पडली. हे आम्ही कोणाचा दोष काढण्यासाठी लिहीत नाही. ओठांवर शांती आणि दारातून शेजाऱ्याला बाहेर घालविणे, हे ख्रिस्ती लोकांकडून एकाच काळात होऊ शकते, याची आठवण प्रत्येक पंथाने ठेवलेली बरी.

वाग्राइनचे म्हातारे

त्याच १८३७ साली मोर वाग्राइनला आले. ज्या पोंगाउ भागातून शंभर वर्षांपूर्वी प्रॉटेस्टंट शेतकरी हाकलले गेले होते, त्याच भागातले हे डोंगराळ गाव. त्यांच्या आयुष्याची अखेरची अकरा वर्षे येथे गेली. येथे त्यांनी कोणतेही प्रसिद्ध गीत लिहिले नाही. त्यांनी शाळा बांधून घेतली, गरीब घरच्या मुलांना शिकता यावे म्हणून निधी उभारला, आणि गावातील वृद्धांच्या सांभाळाची व्यवस्था लावली.

या शेवटच्या कामाचे मोल कळण्यासाठी त्या मुलखाची रीत ठाऊक असली पाहिजे. आल्प्स पर्वतातील शेती ही मोठ्या कुळवाड्यांची. त्यांच्याकडे गडी आणि मोलकरणी जन्मभर राबत. त्यांना स्वतःची जमीन नसे, पुष्कळांना लग्न करण्याइतकीही ऐपत आणि मोकळीक नसे. हातपाय थकले की ते गावावर पडत. मग गाव त्यांना पाळीपाळीने घरे लावून देई. या शेतावर काही दिवस, त्या शेतावर काही दिवस, असे आपले गाठोडे घेऊन ते म्हातारे फिरत. निजायला बहुधा गोठा, खायला घरच्यांच्या मागून उरेल ते. आजारी पडला तर पाळी लवकर संपावी म्हणून घरधनी वाट पाही. ज्याने चाळीस वर्षे दुसऱ्याचे गवत कापले त्याला मरायला स्वतःचा कोपरा मिळत नसे.

अशा लोकांची व्यवस्था मोर यांच्या मनात का आली असावी, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. पण ज्याचा बाप्तिस्म्यालाही आपले असे माणूस उभे नव्हते, ज्याने तरुणपणी गावोगाव बदल्या सोसल्या, त्याला दारोदार फिरणाऱ्या म्हाताऱ्याचे दुःख समजावून सांगावे लागले नसेल. गव्हाणीतल्या बाळाविषयी लिहिणे आणि गोठ्यात निजणाऱ्या म्हाताऱ्याला तेथून उठविणे, ही एकाच विश्वासाची दोन कामे होत. पहिल्याने त्यांना कीर्ती मिळाली, तीही मरणानंतर. दुसऱ्यासाठी त्यांनी आपल्याजवळचे होते नव्हते ते खर्च केले.

४ डिसेंबर १८४८ रोजी, छप्पन्नावा वाढदिवस एका आठवड्यावर आला असताना, श्वसनाच्या विकाराने मोर मरण पावले. मागे संपत्ती म्हणून फारसे काही उरले नव्हते. आपले गीत समुद्रापार गेले आहे हे त्यांना कितपत कळले होते, कोण जाणे. त्यांचे एकही चित्र कोणी काढून ठेवलेले नव्हते.

सहा वर्षांनी, १८५४ साली, बर्लिनच्या राजदरबारातील गायनमंडळाकडून साल्झबर्गला विचारणा आली, की हे गीत संगीतकार मिखाएल हायडन यांचे आहे काय. तेव्हा वृद्ध ग्रूबर यांनी ३० डिसेंबर रोजी खरी हकिकत लिहून दिली आणि आपल्या दिवंगत मित्राचे नाव त्यात नीट नोंदविले. एका म्हाताऱ्याची आठवण शाबूत होती म्हणून जगाला मोर यांचे नाव कळले. १८५९ साली जॉन फ्रीमन यंग यांनी इंग्रजी भाषांतर केले. त्यातूनच ते पुष्कळ देशांत गेले. १९१४ च्या नाताळात, पहिल्या महायुद्धात, खंदकांत समोरासमोर असलेल्या जर्मन आणि इंग्रज शिपायांनी काही ठिकाणी बंदुका खाली ठेवल्या, तेव्हाही हे गीत गायले गेले. ओबर्नडॉर्फचे जुने चर्च पुरांनी मोडकळीस येऊन विसाव्या शतकाच्या आरंभी पाडले गेले. त्या जागी १९३७ साली एक छोटेसे स्मारक-चॅपेल झाले. मोर यांची गिटार हालाइनच्या संग्रहालयात आहे. त्यांची कबर वाग्राइनलाच आहे.

आपण काय करावे?

वाचकहो, या चरित्रातून आम्ही स्वतःसाठी घेतलेला धडा साधा आहे. वृद्धाश्रमाचे नाव यादीच्या तळाशी नको, वर हवे. जायचे तर संध्याकाळी पाच वाजता, निजण्याच्या वेळी नव्हे. तेथील व्यवस्थापकांना आधी विचारून जावे. ज्याला खोकला-सर्दी आहे त्याने त्या दिवशी घरी राहावे. ढोलकीचा दणका कमी करून एक पेटी किंवा एक गिटार पुरे; ओबर्नडॉर्फलाही तेवढ्यावर भागले. पट्टी खाली ठेवावी, लय संथ ठेवावी, म्हणजे त्यांनाही बरोबर गाता येईल. आणि गाणी त्यांच्या काळची असावीत. वयाने स्मृती गेलेल्या माणसाला मुलाचे नाव आठवत नाही, पण लहानपणी उपासनेत शिकलेले गीत सुरू केले की ओठ आपोआप हलू लागतात, हे शुश्रूषा करणाऱ्यांनी पुष्कळदा पाहिले आहे. जुनी गीते आपल्या घरच्या आजी-आजोबांकडून आताच शिकून घ्यावीत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी नोव्हेंबरमध्येच मुलांना त्यांच्याकडे पाठवावे.

आणि गाऊन झाल्यावर लगेच निघू नये. खाटेजवळ बसावे, ऐकावे, कोणाला चष्मा हवा, कोणाला पत्र लिहून हवे, कोणाला मोठ्या अक्षरांचे शास्त्र हवे, ते वहीत टिपून आणावे आणि मंडळीच्या पंचांपुढे ठेवावे. मोर यांच्या गीताची चाल एका दिवसात बांधली गेली, वाग्राइनचे काम अकरा वर्षे चालले. आपल्या मेळ्यालाही फेब्रुवारीत, जूनमध्ये पुन्हा त्या दारी जायला हवे.

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूतांचे स्तवन आपण मोठ्या हौसेने वाचतो आणि तेथेच पुस्तक मिटतो. जरा पुढे वाचले तर मंदिरात दोन म्हातारी माणसे भेटतात. शिमोन बाळाला हातांत घेतो. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना देवाचे उपकार मानते आणि वाट पाहणाऱ्या सर्वांना त्याच्याविषयी सांगू लागते. योसेफ आणि मरीया यांनी बाळाला त्यांच्याजवळ नेले. नाताळ म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचविण्याचा पहिला मान त्या आईबापांचा आहे.

आमच्या वहीत यंदा एक जुने गीत उतरवून घेतले आहे. ज्यांनी ते मागितले होते त्यांना ते आता ऐकविता येणार नाही. त्याच खोलीतल्या दुसऱ्या कोणाला कदाचित ते येत असेल. आम्ही पाच वाजता जाणार आहोत.